नेकेसाची वीस तारीख

रविवार, १२ जानेवारी २०२५

दादाचं पाकीट आलं. जयदीपच्या प्लांटमधला रूपेश सुट्टीवरून परतला, त्याच्याबरोबर पाठवलं होतं. आत स्टॅम्पपेपरचा गठ्ठा, शेवटी गटाचा नकाशा. तीन ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. फुली दिसेल तिथं सही कर, बाकी काही बघायला नको, असं दादा फोनवर म्हणाला.

दिंडोरीच्या जमिनीचं हक्कसोडपत्र आहे. बाबांना जाऊन वर्ष झालं. सातबारावर आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं लागली. आता आईनं आणि मी हक्क सोडला की त्याला प्रत्येक कामाला आमच्या सह्यांसाठी थांबावं लागणार नाही. बहिणी हे करतातच. माझ्या दोन्ही आत्यांनी केलं. इथल्या माझ्या मैत्रिणीनं, मंजिरीनं केलं. मी हो म्हटलं आहे.

सही इथं सौदीतच, भारतीय दूतावासाच्या माणसांसमोर करायची. ते महिन्यातून एका शुक्रवारी जुबैलला येतात. पुढची तारीख ७ फेब्रुवारी.

पाकीट उघडून मी डायनिंग टेबलावर ठेवलं होतं तेव्हा कामाला येणारी नेकेसा टेबल पुसत होती. तिला मराठी येत नाही, पण नकाशावर तिनं बोट ठेवलं. जमीन का, म्हणून विचारलं. कुणाची? माझ्या वडिलांची, म्हटलं. मग तुझी? आता भावाची होणार, म्हटलं. तिनं फडकं पिळलं आणि टेबलाची दुसरी बाजू पुसायला घेतली. तिला काय करायचंय माझ्या कागदांशी, असं मनात येऊन गेलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

ती गेल्यावर पाकीट देवापुढे ठेवलं. नवा कागद आधी देवापुढे जायचा, ही बाबांची सवय. हळदकुंकू लावून आसनाच्या लाल कापडाखाली सरकवलं. आमचे देव बेडरूमच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. दार लावलं की नुसतं कपाट.

गुरुवार, १६ जानेवारी

नेकेसा माझ्या स्वयंपाकघराचे फोटो काढते.

एजन्सीची व्हॅन तिला रविवार-मंगळवार-गुरुवार चार तासांसाठी सोडते. सहा महिने झाले. काम चोख आहे, वेळेवर येते, मला ‘मामा नूपुर’ म्हणते. त्यांच्याकडे बाईला मुलांच्या नावानं हाक मारतात, म्हणजे नूपुरची आई. ऐकायला बरं वाटलं होतं. पण आज मी शेंगदाणे भाजून, लसूण-तिखट घालून चटणी कुटत होते, तर ती मागे उभी राहून फोन धरून होती. कढईचा फोटो, भाजलेल्या दाण्यांचा फोटो, सालं पाखडतानाचा तर व्हिडिओ. मग फोन तोंडाजवळ धरून स्वतःच्या भाषेत भराभर काहीतरी बोलली. त्यात ‘मामा नूपुर’ दोनदा आलं.

कुणाला पाठवतेस, म्हणून विचारलं. तेव्हा जे सांगितलं ते असं. केनियात बुंगोमाजवळ तिचं गाव. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या शेताच्या एका कोपऱ्यात चौदा बायकांनी मिळून एक शेड उभी केली. भुईमूग पिकवायचा, फोडायचा आणि पोतं व्यापाऱ्याला द्यायचं, तो म्हणेल त्या भावानं. माझी चटणी बघून तिनं त्यांना कळवलं की दाणे विकू नका, असं करून विका. त्यांनी केली, बाजाराच्या दिवशी छोट्या बाटल्या नेल्या, दुपारपर्यंत संपल्या. आता त्यांना विचारायचं होतं की साल किती काढायचं.

पण जमीन अजून नवऱ्याच्या नावावर आहे. दीर म्हणतो, ही परदेशी निघून गेली, हिनं घर सोडलं. वीस फेब्रुवारीला गावचा चीफ वारसांची नावं लिहिणार. आपल्याकडे तलाठी वारस लावतो तसं असावं. ती स्वतः समोर उभी नसेल तर तिचं नाव येणार नाही, आणि जमीन गेली की शेडही जाणार, चौदा जणींचं काम जाणार. तिची रजा मंजूर आहे. १४ फेब्रुवारीचं विमान.

मी चटणीची बरणी भरून दिली. नंतर वाटलं, चटणीसाठी एवढे फोटो लागतात? एकात मागचं भांड्यांचं कपाट सबंध आलं होतं.

रविवार, १९ जानेवारी

कंपाउंडमध्ये सगळ्या घरांचे एसीचे डक्ट साफ करायचं काम निघालं आहे. आज चार माणसं आली, बेडरूमचं छत उघडलं, कपाट पुढे ओढावं लागेल म्हणाले. परकी माणसं घरात असताना देव उघड्यावर नकोत, म्हणून मी आसनाची चारी टोकं धरून देवांचं तसंच गाठोडं बांधलं आणि कपाटावरच्या लाल बॅगेत ठेवलं. कुणी काही विचारत नाही, इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही, पण लपवायची सवय जात नाही.

काम आठवडाभर चालेल. एक सुटा भाग दमामहून यायचा आहे.

नेकेसा या माणसांशी अरबीत बोलत होती. तिला इतकं अरबी येतं हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

मंजिरीकडे हळदीकुंकू. आम्ही अकरा जणी होतो. वाण म्हणून स्टीलचा डबा.

बोलता बोलता नेकेसाचे फोटो मी सांगितले. सांगायला नको होते बहुतेक. मंजिरी म्हणाली, मुग्धा, तू फार भोळी आहेस, या आफ्रिकन बायकांचा एक ग्रुप असतो, कुठल्या घरात काय आहे ते सगळ्यांना कळतं. दुसरी म्हणाली, अल खफजीला तिच्या नणंदेच्या शेजारणीकडे अशीच एक होती, तिनं केसांचा पुंजका नेला होता. कशाला, ते कुणी विचारलं नाही. मग तिळाच्या वड्यांची चौकशी सुरू झाली.

मंजिरीनं निघताना हळूच सांगितलं, कागदपत्रं सांभाळ, सोन्यापेक्षा कागद गेलेला वाईट.

टॅक्सीत मला माझ्या कंगव्याची आठवण येत राहिली. लाज वाटली. पण घरी आल्यावर कंगवा पाहिलाच.

सोमवार, २७ जानेवारी

पाकीट नाही.

दादाचा फोन आला की आधी स्कॅन करून पाठव, वकिलाला बघायचंय. मी जयदीपच्या निळ्या फायलीत बघितलं. नाही. मला शंभर टक्के आठवतंय, मी ते निळ्या फायलीत ठेवलं होतं, नूपुरच्या शाळेच्या पावत्यांच्या मागे. फाइल उघडल्याचा, क्लिप दाबल्याचा आवाजसुद्धा आठवतोय. तीन वेळा रिकामी केली. टेबलाचे खण, जयदीपची ऑफिसची बॅग, गादीखाली, नूपुरच्या पुस्तकांत. कुठंच नाही.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, इतकं महत्त्वाचं काम आणि तू कामवालीच्या समोर टेबलावर टाकून ठेवतेस? टेबलावरची गोष्ट मीच सांगितली होती त्याला. त्याचा तो रागावलेला आवाज. लहानपणी असे तसाच.

देव अजून बॅगेत आहेत. दमामचा भाग आलेला नाही. मी खालूनच बॅगेला नमस्कार केला आणि म्हटलं, सापडू दे.

मंगळवार, २८ जानेवारी

विचारलं.

मी शांतपणे विचारायचं ठरवलं होतं. तिला बसायला सांगितलं, चहा दिला. टेबलावरचा नकाशा असलेला कागद तू पाहिलास ना, म्हटलं. हो, म्हणाली. तो कुठे आहे? तिला कसं माहीत असणार, म्हणाली. मी म्हटलं, चुकून रद्दीत गेला असेल. ती म्हणाली, तुझी रद्दी तू स्वतः बांधतेस. ते खरं आहे. मग मी म्हटलं, फोन दाखवशील का, तू फोटो काढतेस म्हणून विचारते.

तिनं फोन टेबलावर ठेवला. कुलूप उघडून, माझ्याकडे वळवून. मी हात लावला नाही. चहा तसाच राहिला.

जाताना दारात म्हणाली, “तू मला तीनदा विचारलंस, मामा नूपुर. चौथ्यांदा विचारशील तेव्हा माझं उत्तर बदललेलं असेल असं तुला वाटतं का?”

इतक्या शांतपणे बोलली की मला ते तयारी केलेलं वाटलं. खरं बोलणारा माणूस चिडतो ना? मी तरी चिडते.

गुरुवार, ३० जानेवारी

जयदीपनं एजन्सीच्या ॲपवर तक्रार टाकली. करार त्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर आहे, त्यामुळे त्याच्याच फोनवरून होतं. कारणांची यादी येते, त्यातलं एक निवडायचं. ‘कागद हरवला’ असं काही त्यात नव्हतं. ‘उशिरा येते’, ‘काम बरोबर नाही’, ‘गैरवर्तन’, ‘चोरी’. जयदीपनं चोरी निवडलं. मी म्हटलं, चोरी कशाला, चौकशी म्हण. तो म्हणाला, यात चौकशी नाहीये, आणि आता दोन मिनिटांत माझी मीटिंग आहे.

मी त्याला अडवलं नाही. नेकेसा मनातून मला घरात नको होती, हे मला इथं लिहायला हवं. तिच्या डोळ्यांसमोर कागद शोधत राहणं मला सहन होत नव्हतं.

रविवार, २ फेब्रुवारी

नेकेसाऐवजी दुसरी मुलगी आली. अठरा-वीसची वाटते, बोलत नाही, खाली मान.

एजन्सीच्या शादाबचा फोन आला. हैदराबादी हिंदीत अगदी अदबीनं बोलतो. म्हणाला, मॅडम, बिलकुल फिकर नको, तिची रजा थांबवली आहे, चौकशी पूर्ण होईपर्यंत देश सोडता येणार नाही. मी विचारलं, किती दिवस. म्हणाला, रमजाननंतर बघू. रमजान मार्चच्या एक तारखेला. मी म्हटलं, तिची वीस तारखेला काहीतरी... तो हसला. म्हणाला, रमजान आला की प्रत्येकीची गावाला एक तारीख असते, मॅडम, आणि आमच्याकडे रमजानमध्ये एकेका बाईसाठी दहा-दहा घरं रांगेत असतात. तुमचा उपकारच झाला.

हा ‘उपकार’ शब्द मला खटकला. पण तो म्हणतो त्यातही तथ्य असेल. वीस तारखेची गोष्ट मला एकट्या नेकेसानंच तर सांगितली. चीफ, दीर, चौदा बायका. कुणी पाहिलंय?

नूपुरला सांगितलं तर हेडफोन न काढता म्हणाली, “मम्मा, यू डोन्ट हॅव एनी प्रूफ.” मी म्हटलं, तुला काय कळतंय. म्हणाली, “तो आप को क्या पता है?” उद्धट झाली आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हे कसं लिहू.

शादाबनं निरोप पाठवला होता की चौकशीसाठी तारखा लेखी द्या. कागद कधी आला, तिनं कधी पाहिला, कधी नाहीसा झाला. तारखा नीट द्याव्यात म्हणून सकाळी सगळे गेल्यावर ही वही काढली. पहिलंच पान. ‘आसनाच्या लाल कापडाखाली सरकवलं.’ माझंच अक्षर. मग १९ तारीख. ‘चारी टोकं धरून.’

स्टूल घेतलं, लाल बॅग खाली काढली. गाठोडं सोडलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, शंख, आणि खाली पाकीट. तेलाचा एक डाग पडला आहे, बाकी जसंच्या तसं. हळदकुंकूसुद्धा.

मग निळी फाइल? ती क्लिप, तो आवाज? मी ते कुठून आणलं? माझ्या स्वतःच्या डोक्यात कुणी काय ठेवून जातं हे मला कळत नसेल, तर मी दुसऱ्यांकडे बोट कसं दाखवते? आणि खरं लिहायचं तर, पाकीट हातात असतानासुद्धा क्षणभर मनात आलं की तिनंच तर नाही ना नंतर तिथं ठेवलं. एक क्षणच. पण आलं. स्टुलावर बसून राहिले.

जयदीपला फोन केला. तो म्हणाला, सापडलं ना, बास, मी ॲपवर ‘निकाली’ करून टाकतो. मी म्हटलं, तिची रजा? म्हणाला, तो त्यांचा अंतर्गत प्रश्न. मी म्हटलं, चुकून आळ घेतला असं लिहून द्यावं लागेल. तेव्हा त्याचा आवाज बदलला. वेडी आहेस का, इथं खोट्या तक्रारीचं काय होतं माहीत आहे? माझ्या नोकरीशी खेळ नको. काहीही लिहून द्यायचं नाही.

तक्रार केली तेव्हा त्याला कायदा आठवला नव्हता. मलाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मी एजन्सीत गेले. जयदीपला न सांगता. आधी शादाबला फोन केला होता. त्याचा सूर बदलून गेला होता. ॲपवर निकाली दिसतंय मॅडम, पण शेरा राहतो, करार सरांचा, सही सरांची लागेल, सरांना आणा. मी सरांना आणू शकत नाही हे त्याला कळलं असावं, कारण तो परत परत तेच म्हणत होता.

ऑफिसात तो काउंटरवर होता. मला बघून उठला, चहा मागवतो म्हणाला. मी म्हटलं, मॅनेजरना भेटायचंय. मॅनेजर एक सौदी बाई निघाली, आलिमा. नकाबमधून फक्त डोळे. समोर दोन फोन आणि खजुरांची बशी. इंग्रजीत विचारलं, काय हवंय.

मी सांगायला लागले. देव, कपाट, डक्ट यातलं काय सांगावं कळेना, म्हणून म्हटलं, कागद मीच बॅगेत ठेवला होता आणि विसरले.

“तिनं घेताना तू पाहिलं होतंस?”

“नाही.”

“मग चोरी कुणी लिहिलं?”

जयदीपचं नाव ओठांवर आलं. “आमच्या घरातून,” म्हटलं. “मी बोलले म्हणून.”

तिनं शादाबकडे बघून अरबीत काहीतरी विचारलं. तो लांबलचक बोलू लागला, त्यात रमजान ऐकू आलं. तिनं हात वर केला. “खलास.” कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, तुझ्या हातानं लिही, तुझ्या नावानं, इकाम्याची प्रत लाव. मी म्हटलं, करार नवऱ्याच्या नावावर आहे, चालेल? ती म्हणाली, करार त्याचा आहे. चूक कुणाची आहे?

इंग्रजीत लिहिलं. ‘गैरसमज झाला होता, दिलगीर आहे.’ सही केली. चौदाचं तिकीट रद्द झालं आहे, नवं काढावं लागेल, वेळेत मिळेल की नाही सांगता येत नाही, म्हणाली.

बाहेर आल्यावर पहिली भीती हीच वाटली, की आता जयदीपला फोन गेला तर?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

जयदीपला मीच सांगितलं. तो ओरडला नाही. नाश्ता अर्धा ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, चल, निदान दादाचं काम तरी आज होऊ दे.

दूतावासाच्या माणसांसमोर मोठी रांग. आमच्यापुढे रत्नागिरीचे एक हारूनचाचा होते, मुलाच्या पासपोर्टचं काम. त्यांनी सगळे कागद एकेक काढून दोनदा वाचले, चष्मा पुसून परत वाचले. वेळ जात नव्हता म्हणून मीही पाकीट काढलं. तोवर मी ते वाचलं नव्हतं. फुल्या तेवढ्या बघितल्या होत्या.

‘लिहून देणार क्रमांक एक’ म्हणून आईचं नाव. दोन म्हणून माझं. आम्ही ‘स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय’ सोडतो आहोत. जमीन, विहीर, ‘व सदर गटातील राहते घर’. राहतं घर म्हणजे आई राहते ते. दादा पाच वर्षं नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो. आईच्या नावापुढे जागा कोरी होती. सही नव्हती. त्यानं मला सांगितलं होतं, आईची झाली आहे, तुझीच राहिली.

नंबर आला. माणसानं इकामा मागितला. मी पर्समध्ये हात घातला, चाचपडले, आणि म्हटलं, काल एजन्सीत राहिला बहुतेक. जयदीपनं कपाळाला हात लावला. पुढची तारीख ७ मार्च.

इकामा पर्समध्येच होता. हे मी फक्त इथं लिहिते आहे. का केलं ते माहीत नाही. बहुतेक थकले होते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आईला फोन केला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर विचारलं, दादानं कसली सही मागितली आहे का. म्हणाली, हो, कागद तुझ्याकडून आला की घेऊन येणार आहे, तुझी झाली ना, तो म्हणाला मुग्धाची झाली, आता तुझीच राहिली.

कधी म्हणाला, विचारलं. ती म्हणाली, का गं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, इथं वारा फार आहे. कागद आला तर सध्या ठेवून दे, मी फोन करेन मग बघू.

कदाचित दादाच्या बोलण्यात काही चूक झाली असेल. त्याच्या मागे किती कामं असतात. मी लगेच वाईट विचार करते हा माझा स्वभावच आहे, नेकेसाच्या वेळी दिसलंच की.

पण घर त्यात का आहे?

सोमवार, १७ फेब्रुवारी

नेकेसाला भेटले. तिकीट उद्याचं आहे, दमामहून दोन विमानं बदलून नैरोबी, तिथून बस. वीस तारखेला सकाळी पोहोचेल, तेही सगळं वेळेवर झालं तर. सुनावणी दहाला.

एजन्सीच्या बायका राहतात त्या इमारतीच्या फाटकाशी ती आली. आत जाऊ देत नाहीत. मी चटणीचा मोठा डबा नेला होता आणि नूपुरनं तिच्यासाठी दिलेला स्वेटर. मी माफी मागितली. इंग्रजीत माफी फार लवकर मागून होते, दोन शब्दांत. म्हणून परत एकदा मागितली.

ती म्हणाली, “माफीचं मी काय करू? कागद दे.”

कुठला कागद? तिनं सांगितलं. तिच्याच गावाकडची एक मुलगी इथं कामाला आहे, तिनं घरी कळवलं की नेकेसाला चोरीसाठी अडकवलं आहे. दिरापर्यंत पोहोचलं. आता तो गावभर सांगतोय की ही सौदीहून चोर ठरून येते आहे, असल्या बाईचं नाव चीफ लिहिणार आहे का. शेडमधल्या दोघी जणी बाजाराला जायच्या बंद झाल्या, बाटल्या कुणी घेईनात. माझ्या ॲपवरचा एक शब्द तिथवर गेला होता. मला वाटलं होतं तो जुबैलमध्येच आहे.

मी माझ्या पत्राची प्रत आणली होती. दिली. तिनं फाटकाच्या गजांना पाठ टेकून पहिल्या अक्षरापासून वाचलं. ओठ हलवत. मी उन्हात उभी. वाचून झाल्यावर ‘गैरसमज’वर बोट ठेवलं.

“गैरसमज कुणाचा? यात दिसतं की आपल्या दोघींचा झाला. माझा काही झाला नव्हता.”

मी म्हटलं, मग काय लिहू?

“जे झालं ते. तुझ्याकडून हरवलं. तू माझ्यावर आळ घेतलास. मग तुझ्याच घरात सापडलं.”

मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पुन्हा लिहिलं. टॅक्सीवाला, पेशावरचा असावा, समोरच्या काचेतून बघत होता. ‘आळ घेतला’ लिहिताना हात थांबला, तिनं ते पाहिलं. खाली नाव, इकामा नंबर, फोन. तिनं तेही सगळं वाचलं. मग विचारलं, चीफनं या नंबरवर फोन केला तर उचलशील? हो, म्हटलं. नवऱ्यानं नको म्हटलं तर? उचलेन, म्हटलं.

तिनं कागदाची चौघडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली. मी म्हटलं, तू प्रत्येक कागद असा वाचतेस? म्हणाली, नवरा दवाखान्यात होता तेव्हा दिरानं एका कागदावर अंगठा घेतला होता माझा, दवाखान्याचा आहे म्हणून. मला लिहितावाचता येतं हे माहीत असूनही अंगठा घेतला. तेव्हापासून.

डबा घेतला. स्वेटर परत दिला, तिकडे उकडतं म्हणाली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळपासून फोन हातात आहे. केनियाची आणि इथली वेळ एकच हे आज कळलं. दहा वाजले. साडेदहा. जयदीप कामावर जाण्याआधी म्हणाला होता, परदेशातून अनोळखी नंबर आला तर उचलू नकोस, आता पुरे. मी ऐकून घेतलं.

अकरा वीसला +254 चा, केनियाचा नंबर वाजला. उचलला. पुरुषाचा आवाज, स्वच्छ इंग्रजी, मागे बरीच माणसं, कुठंतरी कोंबडा. त्यानं माझं पूर्ण नाव वाचून ते माझंच का विचारलं. पत्र तुम्ही लिहिलं का? हो. कुणी लिहायला लावलं का? मी म्हटलं, शब्द तिनं सांगितले. क्षणभर मला वाटलं, मी सगळं घालवलं. मग म्हटलं, खरे होते म्हणून लिहिले. मीच हरवलं, मीच आळ घेतला. तो बाजूला वळून त्यांच्या भाषेत मोठ्यानं बोलला. एक पुरुष तावातावानं काहीतरी म्हणाला. मग फोन बंद.

दोन तास काही नाही. मला खात्रीच होत गेली, की ‘शब्द तिनं सांगितले’ यानंच गेलं सगळं.

दीडला नेकेसाचा आवाजी संदेश. सोळा सेकंदांचा. “नाव लिहिलं. माझं आणि दोन्ही मुलींचं. दीर महिन्याच्या आत वर अर्ज करणार आहे, करू दे. मी शेडमध्ये आहे.” मागे बायकांचा गलका होता. माझं नाव नाही, आभार नाहीत, मामा नूपुर नाही. मी चारदा ऐकला. रागावलेली आहे की नुसती दमलेली, ओळखता येईना.

चारदा ऐकून झाल्यावर दादाला फोन लावला.

तो घाईत होता. सात मार्चला नक्की ना, म्हणाला. मी म्हटलं, दादा, आईची सही झालेली नाही. तो म्हणाला, होईल गं, तीच तर करायची आहे, आधी तुझी आली की बरं पडतं. मी म्हटलं, तू तिला सांगितलंस माझी झाली, आणि मला सांगितलंस तिची झाली. मग त्याचा तो आवाज. “तुला कुणी भरवलं हे? जयदीपनं?”

नाही, म्हटलं.

“मग कुणी? तू असले प्रश्न विचारत नाहीस.”

तरी म्हटलं, मी कागद वाचला. त्यात राहतं घर आहे.

“ते नुसतं लिहायचं म्हणून आहे. आईला मी काय घराबाहेर काढणार आहे का? माझ्यावर संशय घेतेस?”

मी म्हटलं, “हो.”

हे मी कसं म्हटलं कुणास ठाऊक. तो माझा मोठा भाऊ आहे, त्यानं मला सायकल शिकवली, आणि मला अजूनही वाटतं की मी चुकत असेन. एकदा इतकी चुकले आहे. म्हणून तेही सांगितलं त्याला. म्हटलं, मी चुकत असेन तर लेखी माफी मागेन, मला आता येतं ते. पण आईचं नाव सातबारावर तसंच राहू दे, आणि माझंही. मी सुट्टीत आले की तिघं बसून कागद वाचू.

सात मार्चला सही करणार नाही, म्हटलं, तरी त्यानं फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही.